व्हॉल्व्ह लाल का होतो? जुन्या गिटार अॅम्प्लिफायरची दुरुस्ती आणि कारागिराची जबाबदारी

रेडिओ दुरुस्तीच्या धंद्यात आपल्या समाजातील कारागिरांनी एकेकाळी चांगले नाव कमावले. व्हॉल्व्हचा रेडिओ, मशिदीचा आणि जलशाचा लाउडस्पीकर, लग्नमंडपातील अॅम्प्लिफायर ही कामे त्यांच्याच हातून होत. ट्रान्झिस्टर आले, पुढे आयसी आली आणि व्हॉल्व्हचे काम संपले असे सर्वांनी धरून चालले. ते पूर्ण संपलेले नाही. इलेक्ट्रिक गिटार वाजविणारे वादक आणि ध्वनिमुद्रण करणारे स्टुडिओ आजही व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर पसंत करतात. त्यातही 1960 आणि 1970 च्या दशकांतील जुना अॅम्प्लिफायर असेल तर त्याला जिवापाड जपतात. असे यंत्र बिघडले की ते उघडण्याची हिंमत असलेला माणूस मिळणे कठीण होऊन बसले आहे. जुने उस्ताद थकले आणि नव्या मुलांनी मोबाइल दुरुस्तीची वाट धरली.

संगीताच्या प्रश्नावर उलेमांमध्ये काय मते आहेत, तो या पानाचा विषय नाही. ज्याचा त्याने आपल्या जाणकारांना विचारून निर्णय घ्यावा. येथे आम्ही एका दोषाविषयी लिहीत आहोत, कारण तोच दोष जुन्या लाउडस्पीकर अॅम्प्लिफायरलाही होतो आणि इलाजही एकच आहे. दोष असा : आउटपुटचे व्हॉल्व्ह प्रमाणाबाहेर तापतात, आतली प्लेट लाल होते, फ्यूज उडतो, आणि नवे व्हॉल्व्ह घातले तरी चार दिवसांत पुन्हा तेच.

लाली कोणती, ती आधी ओळखा

व्हॉल्व्ह गरम होणारच. चालू आउटपुट व्हॉल्व्हला हात लावला तर चटका बसतो, हा दोष नव्हे. मधोमध फिलामेंटचा नारिंगी उजेड दिसतो, तोही दोष नव्हे. काचेच्या आतील बाजूस निळसर झाक दिसली तर पुष्कळ लोक घाबरतात, पण काचेवरील ती निळी झाक बहुधा निरुपद्रवी असते. मात्र आतील भागांच्या मध्ये गुलाबी-जांभळा धूर भरल्यासारखा उजेड दिसला तर व्हॉल्व्हमध्ये गॅस झाला असे समजावे. माथ्यावरचा चंदेरी डाग पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली आहे आणि तो व्हॉल्व्ह संपला.

खरी धोक्याची खूण म्हणजे बाहेरची राखाडी प्लेट लाल होणे. दुकानातील दिवा मालवून पाहिले तर आधी प्लेटच्या शिवणीजवळ लाल ठिपका दिसतो, मग तो पसरतो. असे दिसताच स्विच ताबडतोब बंद करावा. या अवस्थेत काही मिनिटे गेली तरी व्हॉल्व्ह जातो. त्याच्या मागोमाग आउटपुट ट्रान्सफॉर्मर किंवा पॉवर ट्रान्सफॉर्मर जाण्याची भीती असते. व्हॉल्व्ह पुन्हा मिळतो, पण पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा मूळ ट्रान्सफॉर्मर मिळत नाही. तो गेला की यंत्राची निम्मी किंमत गेली.

नळाचे उदाहरण

व्हॉल्व्ह हा पाण्याच्या नळासारखा समजावा. कॅथोडकडून प्लेटकडे विजेचा प्रवाह वाहतो आणि मध्ये कंट्रोल ग्रिड नावाची चावी असते. या ग्रिडवर उणे व्होल्टेज दिलेले असते, त्याला बायस म्हणतात. उणे व्होल्टेज जास्त असेल तर नळ आवळलेला आणि प्रवाह कमी. ते कमी झाले तर नळ ढिला. ते नाहीसे झाले तर नळ सताड उघडा, आणि प्लेट लाल. म्हणजे लाल प्लेट पाहिली की कारागिराच्या मनात पहिला प्रश्न हाच आला पाहिजे : बायस कोठे गेले?

उदाहरणासाठी अमेरिकेतील फेंडर कंपनीचा ट्विन रिव्हर्ब घेऊ. 1963 मध्ये बाजारात आलेल्या या अॅम्प्लिफायरमध्ये 6एल6जीसी जातीचे चार आउटपुट व्हॉल्व्ह असतात. दोन एका बाजूचे, दोन दुसऱ्या बाजूचे. प्लेटवर साधारण 450 व्होल्ट आणि ग्रिडवर उणे 50 व्होल्टच्या आसपास बायस असते. 6एल6जीसीची प्लेट 30 वॅटपर्यंत उष्णता सोसू शकते.

आता हिशेब करा. प्लेटवर 450 व्होल्ट आणि एका व्हॉल्व्हमधून 35 मिलिअँपिअर प्रवाह असेल तर 450 गुणिले 0.035 म्हणजे 15.75 वॅट. व्हॉल्व्ह सुखात आहे. या पद्धतीच्या अॅम्प्लिफायरमध्ये वाजवणे बंद असताना मर्यादेच्या 70 टक्के, म्हणजे 21 वॅट, ही वरची सीमा कारागीर मानतात. 450 व्होल्टवर ती सुमारे 46 मिलिअँपिअर होते. आणि बायस गेल्यामुळे प्रवाह 100 मिलिअँपिअर झाला, व्होल्टेज 430 वर उतरले, तर 43 वॅट. सोसण्याची ताकद 30 ची आणि ओझे 43 चे. प्लेट लाल होणार नाही तर काय होणार?

हात घालण्यापूर्वी

हे काम मोबाइलच्या पाच व्होल्टचे नव्हे. प्लग काढल्यावरही फिल्टर कंडेन्सरमध्ये 400 व्होल्टहून अधिक विद्युत भार राहू शकतो आणि तो माणसाचा जीव घेऊ शकतो. म्हणून प्लग काढावा, 10 हजार ओहम, 10 वॅटचा रेझिस्टन्स चांगल्या इन्सुलेशनच्या तारांनी कंडेन्सर आणि चॅसी यांच्यामध्ये काही सेकंद धरावा, मग मीटरने व्होल्टेज उतरल्याची खात्री करावी. स्क्रू-ड्रायव्हरने स्पार्क करून कंडेन्सर रिकामा करण्याची सवय वाईट. चालू यंत्रात मोजमाप करताना एक हात मागे ठेवावा. अंगठी, घड्याळ, साखळी काढून ठेवावी. नवशिक्या शागिर्दाला एकटे बसवू नये.

जुन्या अमेरिकन यंत्रांना बहुधा दोन पिनांचा प्लग असतो आणि मेनच्या एका तारेपासून चॅसीला एक कंडेन्सर जोडलेला असतो. आपल्याकडे हे यंत्र स्टेप-डाउनवर चालते, आणि बाजारातील कित्येक स्टेप-डाउन एकाच गुंडाळीचे, म्हणजे ऑटो ट्रान्सफॉर्मर असतात. प्लग उलटा बसला तर 230 व्होल्टची फेज त्या कंडेन्सरपर्यंत पोहोचते. तो शॉर्ट असेल तर चॅसी जिवंत, आणि चॅसीला जोडलेल्या गिटारच्या तारांवर वादकाची बोटे. म्हणून तीन पिनांचा प्लग लावून चॅसी पक्की अर्थ करावी आणि तो कंडेन्सर काढून टाकावा. हे केल्याशिवाय यंत्र दुकानाबाहेर जाऊ देऊ नये.

आणखी दोन गोष्टी. स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर वाजवू नये, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. पहिल्यांदा यंत्र चालू करताना ते सिरीज बोर्डवर लावावे. जुन्या तंतूच्या 60 किंवा 100 वॅटच्या दिव्यामधून वीज दिली म्हणजे आत शॉर्ट असेल तर दिवा पूर्ण उजळतो आणि यंत्र वाचते. येथे एलईडी दिवा चालत नाही. तंतूचे दिवे दुकानांतून दुर्मिळ होत चालले आहेत, दोन-चार घेऊन ठेवावेत.

किती व्हॉल्व्ह लाल झाले?

आता दोष शोधण्याचा क्रम. फार मीटर फिरविण्यापूर्वी डोळ्यांनी एकच गोष्ट पाहावी. चारांपैकी किती व्हॉल्व्ह लाल होतात? यातच निम्मे उत्तर असते.

एकच व्हॉल्व्ह लाल होत असेल तर दोष त्या व्हॉल्व्हचा किंवा त्याच्या सॉकेटचा. दोन व्हॉल्व्हची अदलाबदल करावी. लाली व्हॉल्व्हबरोबर दुसऱ्या सॉकेटवर गेली तर व्हॉल्व्ह खराब. लाली जागच्या जागी राहिली तर सॉकेट पाहावे. पाच नंबरच्या पिनवर बायस पोहोचते का? तेथील 1500 ओहमचा ग्रिड रेझिस्टन्स उघडला असेल किंवा सॉकेटची पकड ढिली झाली असेल तर बायस पोहोचत नाही. दमट हवेच्या मुंबई-कोकणात सॉकेटच्या पिना काळ्या पडतात. त्या क्लीनरने साफ करून बारीक सुईने पकड आवळावी. दोन पिनांमध्ये काळी जळकी रेघ दिसली तर साफसफाईच्या भानगडीत पडू नये, सॉकेट बदलावे.

एका बाजूचे शेजारचे दोन्ही व्हॉल्व्ह लाल होत असतील तर संशय कपलिंग कंडेन्सरवर. हा दोष सर्वांत फसवा आहे. आधीच्या टप्प्याच्या प्लेटवर मोठे व्होल्टेज असते. कंडेन्सर ते अडवून फक्त आवाजाची लहर पुढे जाऊ देतो. म्हातारा कंडेन्सर गळू लागला की ते व्होल्टेज थेंबाथेंबाने ग्रिडवर येते आणि बायस खाऊन टाकते. तपासणी सोपी आहे. आउटपुटचे चारही व्हॉल्व्ह काढावेत, यंत्र चालू करावे आणि चारही सॉकेटच्या पाच नंबर पिनेवर उणे व्होल्टेज मोजावे. दोन ठिकाणी उणे 50 आणि दोन ठिकाणी उणे 38 आले तर चोर सापडला. खात्रीसाठी यंत्र बंद करून, भार रिकामा करून कंडेन्सरचे ग्रिडकडील टोक सोडवावे आणि पुन्हा मोजावे. त्या बाजूचे बायस पूर्ववत आले तर कंडेन्सर बदलावा, आणि दोन्ही बाजूंचे बदलावेत, कारण दोघांचे वय सारखेच. ही तपासणी यंत्र गरम झाल्यावर करावी. थंडपणी न गळणारा कंडेन्सर अर्ध्या तासाने गळू लागतो. बायस देणारा 220 हजार ओहमचा रेझिस्टन्सही याच वेळी मोजावा, जुन्या कार्बन रेझिस्टन्सची किंमत वयाने वाढते.

चारही व्हॉल्व्ह लाल होत असतील तर दोष सर्वांच्या मुळाशी. बायस तयार करणारा डायोड आणि त्याचा कंडेन्सर तपासावा. हा लहानसा कंडेन्सर सुकला की बायस घटते आणि यंत्र घुमू लागते. एवढ्याशा भागासाठी चार व्हॉल्व्ह बळी जातात. ट्विन रिव्हर्बच्या चॅसीवर बायस कमी-जास्त करण्याचा पॉट असतो. मात्र 1968 नंतरच्या काही मॉडेलांत तो पॉट फक्त दोन बाजूंचा तोल साधतो, बायस बदलत नाही. नुसता फिरवून समाधान मानू नये.

बायस बरोबर आहे, कंडेन्सर चांगले आहेत, तरीही सर्व व्हॉल्व्ह तापतात, असेही घडते. तेव्हा यंत्र कानाला ऐकू न येणाऱ्या उंच सुरात स्वतःच ओरडत असते. तारांची मांडणी कोणी बदलली आहे का, ग्रिडचे रेझिस्टन्स कोणी काढून टाकले आहेत का, ते पाहावे. जमले तर ऑसिलोस्कोप लावावा.

आपल्या विजेचा दोष

काही वेळा यंत्र निर्दोष असते आणि दोष भिंतीतल्या विजेचा असतो. अमेरिकन यंत्र 117 व्होल्टसाठी बनलेले. आपण 230 चे 110 करणारा स्टेप-डाउन लावतो आणि निश्चिंत होतो. पण मेन 250 वर चढले की तोच स्टेप-डाउन सुमारे 120 देतो. त्याबरोबर प्लेटचे व्होल्टेज वाढते आणि फिलामेंटचे 6.3 व्होल्टही वाढतात. म्हणून स्टेप-डाउनचे व्होल्टेज यंत्र जोडलेले असताना मोजावे, छापलेल्या आकड्यावर विसंबू नये.

दुसरे असे की अमेरिकेत वीज 60 सायकलची आणि आपल्याकडे 50 ची. फक्त 60 साठी बनविलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडावर 50 सायकलला ताण वाढतो आणि तो जास्त तापतो. स्टेप-डाउन व्होल्टेज बदलतो, सायकल बदलत नाही. अशा यंत्राला व्होल्टेज किंचित कमी देणे हिताचे. स्टेप-डाउन यंत्राच्या गरजेच्या दीडपट-दुप्पट ताकदीचा असावा.

ब्रिटिश यंत्राचे तसे नाही, त्यांची वीज आपल्यासारखीच. पण वॉक्स एसी-30 सारख्या यंत्राची तऱ्हा वेगळी. त्यात ईएल84 जातीचे चार व्हॉल्व्ह असून बायसचा वेगळा पुरवठा नसतो. चारही कॅथोडना मिळून एकच सुमारे 47 ओहमचा रेझिस्टन्स असतो आणि त्याच्यावर पडणारे व्होल्टेज हेच बायस. ईएल84 ची मर्यादा 12 वॅटची, आणि हे यंत्र मुळातच त्या मर्यादेच्या काठावर किंवा पलीकडे चालते. म्हणून येथे व्हॉल्व्ह लवकर संपणे हा स्वभावच आहे. तरी कॅथोड रेझिस्टन्स आणि त्याच्या समांतर असलेला कंडेन्सर जरूर मोजावा. तो कंडेन्सर शॉर्ट झाला की बायस शून्य. आणि मागची जाळी कापडाने झाकून यंत्र वाजविणाऱ्यास चार शब्द सांगावेत, की वारा कोंडला तर व्हॉल्व्हचा दम कोंडतो.

नवे व्हॉल्व्ह घालताना

दोष दूर केल्यावरच नवे व्हॉल्व्ह घालावेत. घातल्यावर प्रवाह मोजावा. आठ नंबरची कॅथोड पिन आणि चॅसी यांच्यामध्ये 1 ओहमचा रेझिस्टन्स लावला की त्यावरचे जितके मिलिव्होल्ट तितके मिलिअँपिअर, हिशेब तोंडी होतो. चारही व्हॉल्व्ह जवळपास सारखे असावेत. अर्धा तास यंत्र चालू ठेवून पुन्हा मोजावे. आकडा चढतच राहिला तर काम संपलेले नाही.

6एल6च्या जागी ईएल34 बसतो म्हणून तो घालण्याचा मोह होतो. पिना बसतात, पण ईएल34 चे फिलामेंट 1.5 अँपिअर घेते आणि 6एल6जीसीचे 0.9. चार व्हॉल्व्हचा फरक 2.4 अँपिअर, आणि तो सगळा भार जुन्या ट्रान्सफॉर्मरवर. शिवाय ईएल34 ची एक नंबरची पिन कॅथोडला जोडावी लागते. जे यंत्र ज्या व्हॉल्व्हसाठी बनले त्यातच त्याची भलाई.

फ्यूजविषयी एकच वाक्य. छापलेल्या आकड्याचाच फ्यूज घालावा. जाड तार घालून यंत्र चालू करून देणारा कारागीर गिऱ्हाइकाच्या घरात आग ठेवून येतो.

माल आणि ईमान

आता व्यापाराची बाजू. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने 1961 पासून देशात रेडिओचे व्हॉल्व्ह बनविले. तिच्या ईएल84 आणि ईसीसी83 चे जुने डबे आजही शोधणाऱ्याला सापडतात. हल्ली नवे व्हॉल्व्ह मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीन येथून येतात. मार्च 2022 मध्ये रशियाच्या निर्यातबंदीची बातमी आली तेव्हा जगभर व्हॉल्व्हचा तुटवडा झाला आणि भाव चढले. माल दुर्मिळ झाला की खोटा माल येतो, हा बाजाराचा जुना नियम. वापरलेला व्हॉल्व्ह पुसून नव्या डब्यात जातो. मुलार्ड आणि टंग-सोल ही जुनी नावे आता नव्या मालकाकडे आहेत आणि त्या नावांनी रशियात बनलेले व्हॉल्व्ह विकले जातात. तो माल वाईट नाही, पण तो जुना इंग्रजी किंवा अमेरिकन माल म्हणून विकणे ही फसवणूक आहे.

चोरबाजारातील मटन स्ट्रीट असो की लॅमिंग्टन रोड, जुना माल विकणे हलाल आहे. दोष लपवून विकणे नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, आत ओल लागली, तेव्हा ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे विक्रेत्याला विचारले, हा प्रसंग आपण सर्वांनी ऐकलेला आहे. व्हॉल्व्हच्या डब्याला आणि दुरुस्तीच्या बिलालाही तोच नियम लागू आहे.

दुरुस्तीला आलेले यंत्र ही अमानत आहे. म्हणून आमची कारागीर बांधवांना सूचना अशी. यंत्र घेताना त्यातील व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर यांची नोंद करून गिऱ्हाइकाला चिठ्ठी द्यावी. काढलेला प्रत्येक भाग परत करावा, गिऱ्हाइकाला नको असला तरी दाखवावा. जुन्या यंत्राच्या मूळ भागांनाही किंमत असते आणि ती गिऱ्हाइकाच्या मालकीची असते. बायस किती होते, किती केले, प्रवाह किती आला, हे चार आकडे बिलावर लिहावेत. दोन कंडेन्सरमध्ये काम भागले असेल तर चार व्हॉल्व्हचे पैसे लावू नयेत. त्याऐवजी दोष शोधण्याची मजुरी उघडपणे आणि पुरेशी घ्यावी. कंडेन्सर काही रुपयांचा असतो, पण तोच खराब आहे हे ओळखायला वर्षांचा अनुभव लागतो, आणि त्याचे मोल मागण्यात लाज कसली?

ज्या घरांत अजून जुने उस्ताद आहेत, त्या घरांतील मुलांनी महिन्यातून चार संध्याकाळी त्यांच्याजवळ बसावे. डोळे अधू झाले असतील, पण कोणत्या सॉकेटवर आधी मीटर लावायचे हे त्यांना पाठ आहे. पुस्तकात नकाशा मिळतो, हाताची सवय माणसाकडूनच मिळते. या कामाचे गिऱ्हाईक थोडे आहे, पण ते वणवण शोधत येते आणि एकदा विश्वास बसला की दुसरीकडे जात नाही. ज्याच्या दुकानात काम पक्के आणि हिशेब उघडा, त्याच्या रोजीत इन्शाअल्लाह बरकतच होईल.